शेवटची प्रार्थना भाऊजींनीच करायची

आमचे धाकटे भाऊजी मिशनरी. देवाने त्यांना गळा दिला, पण 'नाही' हा शब्द द्यायचा राहून गेला. लग्न असो, मयत असो, चर्चच्या पाळकांना सर्दी झालेली असो, कुणीही म्हणावं, "भाऊजी, दोन शब्द बोला," की हे उभे. शेवटी गळ्यातून भोक पडलेल्या भात्यासारखा आवाज यायला लागला, तेव्हा कुठे मी त्यांना धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने ताण वाढतो. ऐकलं नाहीत तर आवाज परत येईल याची खात्री मी देणार नाही."

"बरं," भाऊजी कुजबुजले.

संसार नाही, तेव्हा विश्रांतीचा मुक्काम आमच्याच मागच्या खोलीत. मी त्यांच्या गळ्यात पाटी अडकवली, खडू दिला.

मग चर्चच्या मंडळीला कळलं. आमची मंडळी प्रेमळ. आजारी माणसाला ती एकटं सोडत नाही, त्याने हात जोडले तरी. रोज खुर्च्या मांडा, चहा ठेवा. एका बाईंनी तर भाऊजींच्या गळ्यासाठी येऊन देवाने स्वतःचे गुडघे कसे बरे केले याची साक्ष दिली. आणि उठताना प्रार्थना. आता आमच्यात रीत अशी, की खोलीत मिशनरी असला तर शेवटची प्रार्थना दुसऱ्या कुणी करायची नाही. तो त्याचा अपमान. मग मिशनरी मुका होत चाललेला का असेना.

"भाऊजी, अगदी थोडक्यात करा."

भाऊजी थोडक्यात करत. त्यांचं थोडक्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होतं.

"पाटी काय शोभेला दिलीय?" मी विचारलं.

त्यांनी लिहिलं, 'नाही म्हटलं तर वाईट वाटेल त्यांना.'

"आणि कायमचे मुके झालात म्हणजे बरं वाटेल का त्यांना?"

त्यांनी पाटी पुसली.

मग एका दुपारी मिशनरी सांभाळ समिती आली. अध्यक्षसाहेबांनी फळांची पिशवी आणली, माझ्याकडे सुरी आणि ताटली मागितली. समितीने फळं खाल्ली.

"भाऊजी," एक फोड तोंडात टाकत अध्यक्षसाहेब म्हणाले, "स्वतःची काळजी घेणं हीसुद्धा सेवाच आहे. लोकांना हे कळत नाही. येत्या रविवारी तुम्हीच यावर तासभर बोला. माईक देऊ ना, ताण नाही पडणार."

भाऊजींनी मान डोलावली. मी मनातल्या मनात प्रभूकडे धीर मागितला, कारण सुरी माझ्या हातात होती.

तेवढ्यात दारात टेकडी उभे. हे टेकडीवरच्या वस्त्यांतले मिशनरी, म्हणून हे नाव. भाऊजींबरोबरच शिकले. उपदेश इतका आखूड, की लोकांची डुलकीही पुरी होत नाही. भाऊजी त्यावरून त्यांना आयुष्यभर चिडवत आलेले.

टेकडी पलंगाच्या पायथ्याशी बसले. "वहिनी, डॉक्टर काय म्हणाली?"

मी सगळं सांगितलं. जरा मोठ्यानेच.

"देव समर्थ आहे," अध्यक्षसाहेब हात पुसत म्हणाले. "चला भाऊजी, समारोप करा."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. भाऊजींनी श्वास घेतला, आणि टेकडींनी त्यांच्या तोंडावर सरळ तळहात ठेवला.

"प्रभू, हा बोलला तर ह्याचा गळा जाईल, हे तुला ठाऊक आहे. आता ह्यांनाही कळलंय. रविवारी अध्यक्षसाहेब स्वतः बोलतील. महिनाभर ह्या घरी कुणी येणार नाही. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले.

जन्माची सवय. आमेन आधी निघतं, अर्थ मागून पोचतो. अध्यक्षसाहेबांचं सगळ्यांत खणखणीत होतं. देवापुढे दिलेला शब्द मागे घेणार कसा? समितीने मुकाट्याने चपला घातल्या. उरलेली केळी मात्र कुणीतरी आठवणीने नेली.

भाऊजींनी पाटीवर लिहिलं, 'उद्धट आहेस.'

"आहेच. पुढच्या महिन्यात माझ्या कमरेचं ऑपरेशन आहे. समिती तिकडेही येईल. तेव्हा तू यायचंस, आणि हेच करायचंस."

भाऊजींचं तोंड उघडलं. मी सुरी उचलली. ते मिटलं. मग त्यांनी लिहिलं, 'येतो.'

"आखूड करशील?"

भाऊजींनी बराच वेळ खडू हातात फिरवला आणि नकारार्थी मान हलवली.

मी चहा टाकायला उठले, तर टेकडी चपला शोधत होते.

"अहो, बसा की."

"नको वहिनी. आमेन मीही म्हटलंय."