गोजरबाईंच्या आडावरचं सोवळं

गोजरबाईंनी कमलाकर मास्तरांवर करणी केली, ही बातमी पहिल्यांदा कुणी सोडली हे विचारण्यात अर्थ नाही. आमच्या पेठेत बातमीला आईबाप नसतात. बातमी मात्र झोकदार होती. मास्तरांच्या उंबऱ्यावर लिंबं सापडली, त्या दिवसापासून मास्तर पुढच्या दारानं दिसेनासे झाले, आणि ज्या ओसरीवर ते मुकटा नेसून जप करायचे, तिथं गोजरबाई ऐसपैस बसून सुपारी कातरू लागल्या. एवढ्या पुराव्यावर पेठेनं निकाल देऊन टाकला.

खरं इतकंच, की लिंबं शकुंतलाबाईंची, म्हणजे मास्तरांच्याच बायकोची होती. लोणच्याला आणली, पिशवी उसवली, घरंगळली. मास्तर ठणठणीत होते, त्याच घरात होते, फक्त मागच्या दारानं जात-येत होते. आता ते मागच्या दारी कसे पोचले, ते ऐकण्यासारखं आहे.

गोजरबाई मूळच्या वळसंगकडच्या. नवरा धोंडीराम गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. हयातभर पोटाला चिमटा घेऊन त्यानं पेठेत घर बांधलं: पुढं ओसरी, मधे माजघर, मागं सैपाकघर, परसात आड आणि एक गोठा. घराला चुना लागला आणि धोंडीराम तापानं गेला. तेराव्याची पानं उचलली जातायत तोवर धाकटा दीर तात्याबा म्हणाला, "वैनी, घर इकू या. वळसंगला चला. दोन येळची भाकरी मिळंल."

त्या भाकरी थापायच्या कुणी, गोठ्यातलं शेण काढायचं कुणी आणि जावेची बोलणी सोसायची कुणी, हे तात्याबानं सांगितलं नाही; बाईंना ते न सांगता कळलं. "मी हितंच ऱ्हाणार," त्या म्हणाल्या. "घर भाड्यानं देती. माझं मी बघती."

मग बाई गोठ्यात राहायला गेल्या आणि घरात भाडेकरू आला. पहिलं बिऱ्हाड मिरचीच्या अडत्याचं. त्यानं माजघर मिरचीच्या पोत्यांनी आढ्यापर्यंत भरलं. वारा सुटला की सगळी गल्ली शिंकायची. कुणाची मुलगी बघायला आलेले पाहुणे डोळे पुसत परत गेले, तर मुलीच्या आईला वाटलं, पोरगी आवडली नाही म्हणून रडतायत. अडत्या एकदाचा गेला. बाईंनी ठरवलं, आता बिऱ्हाड ठेवायचं तर शिकलेलं, शांत, देवाधर्माचं. आणि कमलाकर मास्तर आले.

मास्तर शिकलेले होते, शांत होते, आणि देवाधर्माचे तर इतके की त्यांच्यापुढं देवच दमला असता. भाड्याला चोख, पण पैसे बाईंच्या ओंजळीत वरून सोडायचे, नारळावर पाणी सोडावं तसे. माजघराच्या मधोमध देव मांडले, ओसरीला तट्ट्या लावल्या. बाई कधीही गेल्या तरी आतून शकुंतलाबाईंचा आवाज यायचा, "अहो गोजरबाई, तिथंच थांबा, शिवाल! हे सोवळ्यात आहेत." सकाळी पूजा, दुपारी नैवेद्य, सांजवेळी संध्या. एकादशीला तर विचारूच नका. आपल्याच घराच्या उंबऱ्याशी बाई भिक्षेकऱ्यासारख्या उभ्या राहायच्या आणि कौलं फुटलीत की शाबूत, ते लांबूनच बघून परत यायच्या.

असं चाललं असताना गड्ड्याची यात्रा आली. तात्याबा दरवर्षी संक्रांतीला सिद्धरामेश्वराला यायचा आणि वहिनीकडं जेवायचा. त्या वर्षी बाईंनी त्याला पुढच्या दारानं आणलं, तर मास्तर मुकटा सावरत आडवे आले. "आज पर्वकाळ आहे. परसातून जा." तात्याबानं गोठ्यात म्हशीच्या रिकाम्या गव्हाणीला टेकून भाकरी खाल्ली. हात धुताना म्हणाला, "आपल्या घरात आपलं पाऊल पडत न्हाय, त्ये घर आपलं कसलं वो, वैनी? पुढल्या संक्रांतीला मला माजघरात पाट मांडून जेवाय घाला. न्हाय जमलं, तर गाडी रिकामीच आणतो. तुमचं सामान भराय."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि या वेळी अडत्या नव्हता. त्या तिरीमिरीत "व्हय, आणा गाडी!" म्हणून बसल्या. आता वर्षभरात माजघर हाती आलं नाही, तर वळसंगचं शेण वाट बघत होतं.

आधी त्यांनी मास्तरांना घर सोडा म्हणून सांगायचं ठरवलं. पण सांगायला समोर उभं राहावं लागतं ना, मास्तर तर भाडं सोडलं की आत! शेवटी एका पहाटे बाईंनी आडावर अंग भिजवलं आणि ओलेत्यानं थेट पुढच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, आता मी बी सोवळ्यात हाय. सरका, आत येती."

मास्तरांनी दाराला हात लावला. मग म्हणाले, "बाई, तुमचं सोवळं ते आमचं सोवळं नव्हे."

"का? पाणी तर येकाच आडाचं की!"

दार लागलं. ओल्या लुगड्यानं बाईंना सर्दी झाली, एवढाच लाभ.

मग बाईंनी गळ्यातली पुतळ्यांची माळ मोडली आणि परसात भिंतीला लागून खोल्या काढल्या. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे, पुढं एकच लांब पडवी. पेठ म्हणाली, बाईला चळ लागला. एक बिऱ्हाड आवरत नाही, आणि ही चाळ काढते! बाईंचा डाव साधा होता. पहिली खोली त्यांनी मुद्दाम मल्लय्याला दिली. मल्लय्या तेलुगू विणकर, त्याचा माग पहाटेपासून खटखट करायचा. त्या आवाजानं मास्तर पळतील, असा हिशेब. आठवड्यानं त्यांनी शकुंतलाबाईंना विचारलं, "झोप लागती का न्हाय?"

"छान लागते की. हे म्हणतात, मागाच्या ठेक्यावर जप फार सुरेख होतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. दिवाळी झाली. निराशेनं त्यांनी बाकीच्या खोल्या येईल त्याला देऊन टाकल्या. एकीत गिरणीतली माणसं, एकीत शिवशरण स्वामी नावाचे अक्कलकोटकडचे जंगम, म्हणजे लिंगायतांचे गुरू, आणि त्यांची म्हातारी आई. आणि जे बाईंच्या डावाला जमलं नाही, ते या म्हातारीनं पहिल्याच पहाटे करून दाखवलं.

झालं असं. मास्तर ओलेत्यानं, तांब्याची घागर घेऊन आडावर आले. म्हातारी लिंगपूजेचं पाणी काढत होती. मास्तर म्हणाले, "आजी, सरा, मी सोवळ्यात आहे." म्हातारीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "दूर सरि! दूर सरि!" ती कानडीत कडाडली. हे समजायला कानडी यावी लागत नाही. शिवशरण स्वामी धावत आले. "मास्तर, लांब व्हा. पूजेचं पाणी परक्यानं शिवलेलं आम्हाला चालत नाही."

"परका? मी? अहो, मी ब्राह्मण!"

"म्हणूनच म्हणतो, लांब व्हा."

आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना कुणीतरी शिवू नका म्हणत होतं. तेवढ्यात आजवर मास्तरांच्या मागून निमूट पाणी भरणारा मल्लय्याही जोर येऊन पुढं आला, खांद्यावर जानवं, अंगावर ओला पंचा. "तुम्ही दोगं बाजूला व्हा. आम्ही मार्कंडेय ऋषींच्या कुळातले. आमची पण पूजा हाय."

आडाला दोर एकच. म्हातारीनं धरलेला दोर मास्तरांना धुऊन हवा, मास्तरांनी धरलेला मल्लय्याला, मल्लय्यानं धरलेला म्हातारीला. दोर धुवायला पाणी हवं, पाणी काढायला दोर हवा. गिरणीचा भोंगा झाला, माणसं कामावर गेली, ऊन आडाच्या काठावर आलं, तरी तिन्ही सोवळी एकमेकांपासून हातभर लांब, ओलेत्यानं कुडकुडत, तीन भाषांत भांडत उभी. शेवटी तिघंही एकदमच ओरडले, "गोजरबाई!"

बाई गोठ्यातून बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं. तिघांकडं बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू फुटलं, ते आम्ही शेजाऱ्यांनी गच्चीवरून पाहिलं.

"आड माजा हाय ना?" त्या म्हणाल्या. "मग ऐका. ज्यानं त्यानं आपापला दोर आन् पोहरा आणायचा. पाळी मी लावणार."

"पहिली पाळी माझी," मास्तर घाईनं म्हणाले. "मला शाळा आहे."

"माझ्या आईचं वय बघा," स्वामी म्हणाले.

"पयली पाळी त्येला," बाई सावकाश म्हणाल्या, "जो मला ओसरी आन् माजघर मोकळं करून देईल. स्वामींकडं माजघर न्हाय. तवा मास्तर, तुमीच काय त्ये बघा. भाडं त्या मानानं कमी करती."

मास्तर उसळले. देव कुठं हलवायचे? कुलाचार काय म्हणेल? तोच मागच्या दारातून शकुंतलाबाईंचा आवाज आला. इतकी वर्षं त्या एकच वाक्य बोलत होत्या. आज दुसरं बोलल्या. "अहो, देऊन टाका हो ते माजघर! देव सैपाकघरात आले तर मला तरी सारखं 'शिवाल, शिवाल' म्हणून ओरडायला नको. घसा बसलाय माझा."

आडावर कुणी हसलं नाही, पण म्हातारीनं कानडीत काहीतरी म्हणून शकुंतलाबाईंकडं पसंतीनं पाहिलं. संध्याकाळपर्यंत देव सैपाकघरात गेले. दुसऱ्या पहाटे पहिला पोहरा मास्तरांचा पडला, आणि तट्ट्या काढलेल्या ओसरीवर बाईंनी अडकित्ता काढला.

संक्रांतीला तात्याबा रिकामी गाडी घेऊन आला. बाईंनी त्याला पुढच्या दारानं आत घेतलं, माजघरात पाट मांडला, बाजरीची भाकरी, शेंगाची चटणी, गूळ-तूप वाढलं. तात्याबानं इकडंतिकडं पाहिलं. परसात माग खटखटत होता, म्हातारी कानडीत कुणाला तरी झापत होती, सैपाकघरातून मास्तरांचं स्तोत्र येत होतं, आणि दोन बाया दोरीवरच्या लुगड्यावरून भांडत बाईंना हाका मारत होत्या. भाकरी मोडता मोडता तात्याबा म्हणाला, "वैनी, येका भाडेकरूनं तुमाला रडवलं, आन् आता ही जत्रा भरवली? ह्यात सुख कसलं?"

गोजरबाई त्याच्या पानात आणखी एक भाकरी टाकत म्हणाल्या, "भावजी, येकच बिऱ्हाड हुतं, तवा त्ये माज्याशी भांडायचं. आता समदी येकमेकांशी भांडत्यात आन् न्याय मागाय माज्याकडं येत्यात. जेवा गुमान, मला भाईर जायचंय."