पुंगळ्यांची बादली

काल चिंचेने समई घासली आणि हातांना पितळेचा वास राहिला. त्या वासाने मला वीस वर्षांपूर्वी टेक्सासमधल्या शुगर लँडजवळ भरलेल्या एका गन शोमध्ये, बंदुका-काडतुसांच्या बाजारात नेलं.

माझा नवरा शिरीष तेव्हा ऑफिसातल्या मित्रांबरोबर नेमबाजीला जायचा आणि झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गॅरेजमधल्या बादलीत साठवायचा. त्या पुन्हा भरून वापरणारे लोक विकत घेतात, म्हणून आम्ही तिथे एक टेबल घेतलं होतं. पन्नास पुंगळ्यांच्या पिशवीला काय भाव लावायचा, यावर आमचं एकमत होईना.

शेजारच्या टेबलावरचे टेक्सन आजोबा म्हणाले, "आधी एकेक बघून घ्या, मग भाव लावा." त्यांनी बादली ट्रेमध्ये ओतली, पुंगळ्या बोटांनी पसरवल्या आणि मध्येच थांबले.

"ही झाडलेली नाही. जिवंत आहे."

आमची चार वर्षांची मुक्ता महिनाभर याच पुंगळ्या घेऊन भातुकली खेळत होती. मी तिला उचलून छातीशी धरलं.

"आई, यू आर स्क्विशिंग मी!" ती ओरडली.

आजोबांनी ती गोळी अलगद बाजूला ठेवली. शिरीषने अख्खी बादली त्यांच्यापुढे सरकवली. "तुम्हीच घेऊन जा. पैसे नकोत."

तेव्हा मी इतकी चिडले होते की घर येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. आता राग आठवतही नाही. आठवते ती मागच्या सीटवरून चाललेली मुक्ताची अखंड बडबड, आणि ती ऐकत, गाडी चालवता चालवता डोळे पुसणारा शिरीष.