ड्युटी सोडताना सगळं सांगायचं

माझं शेवटचं पोस्टिंग मिलिटरी हॉस्पिटलच्या मनोविकार वॉर्डात झालं. मी मूळची राहात्याची, आर्मीत नर्सिंग ऑफिसर, मेजर होऊन निवृत्त झाले. वॉर्डाचं रूटीन साधं. सकाळी गोळ्या, मग पीटी, मग राउंड. डॉक्टरसाहेब कॉटपाशी आले की जवान पडल्या पडल्या ताठ व्हायचा.

"कैसे हो?"

"ठीक हूँ, साब!"

रात्रभर डोळा लागलेला नसला तरी ठीकच. खरं सांगितलं तर मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा दर्जा, उतरेल, प्रमोशन अडकेल, ही धास्ती प्रत्येकाला.

मिरजगावचा नाईक अशोक असाच "ठीक" म्हणत डिस्चार्ज झाला. सुट्टीवर घरी गेला आणि त्यानं जीव दिला. त्याला वॉर्डातून न्यायला आला होता तो त्याच्याच गावचा, त्याच्याच बंकरमधला हवालदार भाऊसाहेब. तेव्हापासून आमची ओळख.

गेल्या उन्हाळ्यात भाऊसाहेबाच्या बायकोचा, मंदाबाईचा फोन आला. भाऊसाहेबही आता पेन्शनीत.

"मॅडम, हे झोपतच न्हाईत वो. पंप खोलला, मोटारसायकल खोलली, आता टीव्ही खोलाया बघत्यात."

"आणि जोडलं काय?"

"कायबी न्हाई! हिवाळ्यात नुसतं भिंतीकडं तोंड करून पडलं हुतं. काल म्हनले, अशोक सुटला. मला लई भ्या वाटतंय."

हे ऐकलं आणि मी पिशवी उचलली.

दोघांना घेऊन नगरला मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. बाहेर बाकावर भाऊसाहेबाचं तोंड थांबत नव्हतं, पाय थांबत नव्हता. आत गेला आणि एकदम ताठ.

"काय त्रास होतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"ठीक हाय, साहेब!"

मंदाबाईनं कपाळाला हात लावला. "घरी कुटं जातं हे ठीक?"

आता बघा, पेन्शनीतल्या माणसाची कॅटेगरी कोण उतरवणार होतं? पण अंगात मुरलेली सवय. मग मीही आवाज वॉर्डातलाच काढला.

"हवालदार भाऊसाहेब!"

"जी, मॅडम!"

"पहाऱ्यावरचा संत्री बदलताना काय करतात?"

"हँडिंग-टेकिंग, मॅडम. जाणारा येणाऱ्याला सगळं सांगतो."

"लपवलं तर?"

"मानूस मरतो, मॅडम."

"डॉक्टरसाहेब ड्युटी घेतायत. दे हँडिंग."

त्यानं समोरच्या भिंतीवर नजर लावली. "झोप न्हाई. डोकं पळतंय. एक काम धरलं की दुसरं दिसतं, ते तर शाळेपासून. हिवाळ्यात अंग उचलत नव्हतं." मग खाली बघून म्हणाला, "मरावं वाटतं. मंदाला सांगितलं न्हाई."

मंदाबाईनं त्याची बाही घट्ट धरली.

डॉक्टर म्हणाले, "हा आजार आहे, भाऊसाहेब. मूड वर जातो, खाली जातो. त्याला औषध आहे. लक्ष टिकत नाही तेही तपासू, पण आधी मूड जागेवर आणू." त्याच दिवशी त्याला ॲडमिट केलं.

लगेच बरं वाटलं असं नाही हं. औषधानं हात थरथरायला लागले, तेव्हा म्हणाला, "गोळी सोडतो." मी म्हटलं, "डॉक्टरांना न विचारता? पोस्ट सोडून पळणारा तू नव्हेस." डॉक्टरांनी रक्त तपासून डोस बदलला. पंप जोडून झाला. मोटारसायकलही.

गावच्या स्मारकापाशी माजी सैनिक दरवर्षी शहिदांची नावं पुकारतात. अशोकनं स्वतः जीव दिला, म्हणून त्याचं नाव त्या दगडावर नाही. यंदा पुकारायला भाऊसाहेब उभा होता. दगडावरची नावं संपली, तरी तो मागे सरला नाही.

"नाईक अशोक!"

मग सगळ्या रांगेनं सॅल्यूट केला. मीही केला.