आधीच फेडलेला नवस

माझा भाऊ गोपीनाथ विलायतेहून परत आला, तेव्हा आमच्या कोपरीतल्या लोकांना वाटलं, हा आता उद्यापासून विमान चालवणार. लोकांना कशाला नावं ठेवू, आम्हा घरच्यांनाही तेच वाटलं होतं. आमचं घर आगऱ्यांचं, मिठागरात राबणारं. बाबांचा, म्हणजे काळुरामांचा, विमानाशी संबंध एवढाच की मिठाच्या राशीपाशी उभे राहून ते डोक्यावरून जाणारी विमानं बघायचे. असल्या घरातला मुलगा लढाईच्या दिवसांत सरकारी योजनेतून फिटरकाम शिकायला विलायतेला गेला. लढाई संपल्यावर तिथेच एका विमानतळावर इंजिनं दुरुस्त करू लागला, आणि पोटाला चिमटा काढून विमान चालवायला शिकला. पुढे मालाची विमानं त्याने तिकडच्या धुक्यात आणि बर्फात चालवली. एकावन्न साली आईच्या हट्टापायी परत आला, दिल्लीला जाऊन परीक्षा दिली आणि इथलं लायसनही मिळवलं. राहिली होती फक्त नोकरी.

तेव्हा विमान कंपन्यांचे हाल होते. लढाईनंतर स्वस्तात विमानं घेऊन निघालेल्या कंपन्या एकेक करून बसत होत्या आणि हवाईदलातून सुटलेले पायलट रिकामे फिरत होते. दादाला तेवढं सांगून परत पाठवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण फोर्टातल्या एका कंपनीच्या साहेबाने त्याचं लायसन उघडून न बघताच विचारलं, "वडील काय करतात?"

"मीठ पिकवतात," दादा म्हणाला.

साहेबाने मान डोलावली. "तुम्ही फिटर होतात ना? आमच्या वर्कशॉपमध्ये एक जागा आहे."

"वर्कशॉपमधूनच वर गेलेलो मी," दादा म्हणाला. "परत खाली कशाला येऊ?" आणि लायसन उचलून निघून आला. घरी हे सांगताना तो हसत होता. मला मात्र त्या साहेबाच्या टेबलावर खाजणातला चिखल नेऊन ओतावासा वाटला.

नौपाड्यातले वकील अण्णा आमचे हितचिंतक. बाबांची जमिनीची कामं तेच बघत. त्यांनी कल्याणच्या लोकोशेडमध्ये दादासाठी शब्द टाकला. "गोपीनाथ, रेल्वेची नोकरी म्हणजे जन्माची भाकर. हट्ट सोड."

"अण्णा, तुमचा मुलगा बॅरिस्टर होऊन आला असता, तर त्याला कोर्टात पट्टेवाला हो म्हणाला असतात?"

अण्णांना राग आला. यावा म्हणूनच दादा बोलला होता.

पण आतून त्याला घोर लागला होता, हे मला ठाऊक होतं. लायसन जिवंत ठेवायचं तर ठरलेल्या मुदतीत विमान चालवलेलं दाखवावं लागतं. त्याची मुदत पावसाळ्यातच संपत होती. तोवर विमान हातात आलं नाही, तर ते लायसन म्हणजे फोटो चिकटवलेली वही, एवढंच उरणार होतं.

आमची आई, सगुणा, हे असलं काही जाणत नव्हती. तिने सरळ गावदेवीला नवस बोलला होता: माझ्या पोऱ्याने मुंबईत विमान चालवलं की तुला बोकड देईन. त्यासाठी एक करडू आणलं आणि वाढवायला माझ्या गळ्यात घातलं. देवीला बोललेल्या जनावराचा लळा लावून घेऊ नये, असं आई बजावायची. मी कुठली ऐकतेय. शेवग्याचा पाला घालून घालून मी त्याला असा तयार केला होता की बघत राहावं.

चैत्रात देवीची जत्रा आली. नेमक्या त्याच दिवशी दादाला सांताक्रूझला एका कंपनीने बोलावलं होतं. सकाळी तो कोट घालून निघाला, तेव्हा बाबांनी विचारलं, "कुठं?"

"सांताक्रूझला. विमानाच्या कामाला," दादा म्हणाला.

बाबांना एवढं पुरलं. देवळात पोचेपर्यंत त्यांनी निम्म्या गावाला सांगितलं की पोऱ्याला आज विमान मिळतंय. आणि पालखी देवळासमोर आली असताना खाडीकडून एक विमान आलं. एवढ्या खालून की ढोल वाजवणाऱ्यांचे हात थांबले. बाबांनी डोक्याचा रुमाल काढून हवेत फिरवला. "माजा गोपी," ते म्हणाले आणि रडायलाच लागले. कोणी त्यांच्या गळ्यात हार घातला, कोणी आईच्या पाया पडलं. गावचे पंच रघु पाटील म्हणाले, "नवस पावला, सगुणा. देवीला थांबवू नको, आन बोकर." जत्रेला मी त्याला बरोबर आणलं होतं; माझ्या हातातलं दावं कोणी घेतलं, मला कळलंही नाही.

दादा परतला तेव्हा पंगत बसली होती. लोक उठून उभे राहिले आणि त्याला मधोमध नेऊन बसवलं. त्याचा चेहरा बघून मला उमगलं की सांताक्रूझलाही नकारच मिळाला. तो गप्प बसला असता तर कोणाला काही कळलं नसतं. नोकरी लागेपर्यंत खुशाल पायलट म्हणून मिरवता आलं असतं. मी मनातल्या मनात त्याला विनवत होते, दादा, आज गप्प राहा.

तो उभाच राहिला. "ते विमान माझं नव्हतं," तो म्हणाला. "कोणाचं होतं मला माहीत नाही. मला नोकरी मिळालेली नाही. मिळेल तेव्हा मीच येऊन सांगेन."

बाबांनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. रघु पाटलांनी हातातला घास पत्रावळीवर टाकला. "नवस फुकट गेला, काळुराम. न पावलेला नवस फेडलास, देवीला फसवलंस. आता दंड म्हणून दुसरा बोकर लागंल."

बाबा मान खाली घालून हो म्हणणार, तेवढ्यात आई वाढता वाढता थांबली. पंचांसमोर ती आजवर कधी बोलली नव्हती.

"दुसरा कशाला? बोकर खाल्लाय ना तिनं? मंग आता माज्या पोऱ्याला इमान दिल्याबिगर तिची सुटका नाय."

"देवीशी भांडतंस?"

"तुमच्याशी तरी कुटं भांडतंय? जिनं खाल्ला तिला सांगतंय." आणि तिने दादाच्या पत्रावळीवर आणखी एक पळी रस्सा वाढला. "जेव. तुज्या नावाचा हाय."

दादा बसला आणि पोटभर जेवला. मी मात्र माझी पत्रावळ तशीच उचलली. दुसऱ्या कोणाच्या तरी विमानापायी माझा बोकड गेला होता.

त्यानंतर गावाने त्याला बोकडपायलट नाव ठेवलं. स्टेशनाजवळच्या हॉटेलात तो चहाला गेला की कोणीतरी मागून बें करायचं. दादा वळून म्हणायचा, "अरे, आवाज नीट काढ, तुला तेवढंच येतं," आणि चहा संपवूनच उठायचा. त्याने हॉटेल बदललं नाही.

फोर्टाच्या कचेऱ्यांत जाणं मात्र त्याने सोडून दिलं. रोज इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून तो थेट सांताक्रूझला जायचा आणि मालवाहू विमानांच्या एका कंपनीच्या शेडबाहेर रिकाम्या खोक्यावर बसायचा. मॅनेजरने सांगितलं, जागा नाही. दादा म्हणाला, "जागा नसेल तेव्हा नाही म्हणा. असेल तेव्हा मी इथेच आहे." एकदा त्याला रखवालदाराकडून फाटकाबाहेर काढलं, तर तो फाटकाबाहेर बसला.

पाऊस लागला आणि आसामच्या डोंगरांत तांदळाच्या गोण्या टाकायचं सरकारी काम त्या कंपनीला मिळालं. ढगांनी झाकलेल्या दऱ्या आणि विमान उतरवायला मैदान म्हणावं असं काही नाही. नावाजलेल्या पायलटांना एकदम घरची कामं निघाली. मग मॅनेजर स्वतः चालत खोक्यापाशी आला.

"सहायक म्हणून या. पगाराचं नंतर बघू."

"पगाराचं नंतर बघा," दादा म्हणाला. "पायलट हा शब्द मात्र आत्ता लिहून द्या."

मॅनेजरने लिहून दिलं. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते.

घरी येऊन त्याने आधी आईला सांगितलं आणि मग गावदेवीपाशी बसलेल्या पंचांना, जत्रेत कबूल केल्याप्रमाणे. बाबा म्हणाले, "गावावरून जरा खालून ने रे. लोकांना दिसू दे."

"नाही बाबा. नियम आहे. आणि कोणाला दाखवायला नाही चालवत मी."

श्रावणातली सकाळ होती, पाऊस उघडला होता. दादाचं विमान त्या सकाळी आसामला निघणार होतं, म्हणून आम्ही देवळासमोरच्या पारापाशी उभे होतो. विमान आलं ते खूप उंचावरून, बोटाएवढं दिसेल न दिसेल असं. ढोल नव्हते, पालखी नव्हती. बाबांनी रुमाल हातात धरला होता, पण फिरवला नाही. रघु पाटलांनी डोळ्यांवर आडवा हात धरून वर पाहिलं.

"कशावरून तुज्या पोऱ्याचा?" त्यांनी विचारलं.

एरवी बाबांनी गाव डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी ते नुसते वर बघत राहिले. आईने पाटलांकडे पाठ फिरवली. ती देवळाच्या पायऱ्या चढली, तिच्यामागे मी. तिच्या हातात नारळ नव्हता, फूल नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं. विमानाचा आवाज कल्याणच्या दिशेने विरेपर्यंत ती देवीसमोर उभी राहिली.

"तू आदी खाल्लंस, मंग दिलंस," ती देवीला म्हणाली. "आता तुजा माजा बरोबर झाला, बाय."

मग तिने पदर खोचला आणि आम्ही दोघी खाचराकडे निघालो. भातात तण माजलं होतं, बेणणी राहिली होती.