थर्मोस्टॅट उघडला तेव्हा

१२ एप्रिल १९९९. नोकरी सुटल्यावर मिळालेल्या फंडातून फेब्रुवारीअखेर पंचाण्णव हजारांना घेतलेली जुनी डिझेल जीप वारूळवाडीत आमच्या दारात उभी होती. हजर आम्ही तिघे: मी, बायको आणि नारायणगावचा मेकॅनिक. नारायणगाव ते मंचर पॅसेंजर मारून घर चालवायचे ठरले होते. दुसरी मिळकत नव्हती. पण दीड महिन्यातच इंजिन तापू लागले. मंचर येण्याआधीच काटा लाल रेघेवर जाई आणि प्रवासी उतरून दुसऱ्या जीपमध्ये बसत.

मेकॅनिकने थर्मोस्टॅट खोलून काढला आणि कुंपणापलीकडे भिरकावायला हात उचलला. "राव, आपल्याकडं कुणीच ह्यो ठेवत न्हाई. काढून टाकला की गाडी गार."

मी तो त्याच्या हातून घेतला. इंजिन गार असते तोवर ही झडप पाणी अडवून धरते. पाणी तापले की आतले मेण फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. ती मिटूनच राहिली तर इंजिन तापणारच. दोष तिच्यातच असला तर दीडशे रुपयांत सुटका होती. ती बिघडलेलीच निघावी, एवढेच मला हवे होते.

बायकोने स्टोव्हवर पातेल्यात पाणी ठेवले. थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध टांगला. बुडाला टेकला तर तो पाण्याआधी तापतो. शेजारी डेअरीतून मागून आणलेले थर्मामीटर धरले.

"भाऊ, मीठ टाका की चवीपुरतं," मेकॅनिक म्हणाला.

थर्मोस्टॅटवर ८२ कोरलेले होते, म्हणजे ब्याऐंशी अंशांना तो उघडायला हवा. पंचाहत्तरला झडप बंद. ऐंशीलाही बंद. मला आशा वाटू लागली. मग ब्याऐंशीला बारीक फट दिसली आणि पाणी उकळायच्या आत झडप पूर्ण उघडली. बाहेर काढल्यावर गार होत पुन्हा मिटलीही.

"उघडलं की हो! चांगलं हाय म्हंजे," बायको हसून म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

मेकॅनिकची थट्टा थांबली. त्याने गार इंजिनावरच रेडिएटरचे झाकण काढून गाडी चालू केली. पाण्यात बुडबुडे येऊ लागले, ते थांबेनात; सिलिंडरमधला वायू कुठून तरी पाण्यात घुसत होता. "हेड गेलं असंल, न्हाई तर ब्लॉक," तो हळूच म्हणाला. इंजिन खोलल्यावर ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागालाच, चीर निघाली. दुसरे इंजिन घ्यायला फंडातले काही उरले नव्हते.

मे संपता संपता जीप मंचरच्या भंगारवाल्याला एकवीस हजारांना दिली. ओढून नेण्याचा खर्च विकणाऱ्याचा, असे त्याने आधीच बजावले होते. ट्रॅक्टरवाल्याला तीनशे रुपये दिले.