अक्का दारात उभी राहायची

माघ शुद्ध नवमी, मंगळवार, सकाळची वेळ. घरात आम्ही चौघं होतो. सासूबाई चुलीपुढे, थोरले भाऊजी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यातून रात्रपाळी करून नुकतेच आलेले, मी शाळेत शिकवायला जायच्या तयारीत आणि माजघराच्या दारात माझी थोरली जाऊ, अक्का. उंबऱ्याशी ती हळूच खाली बसली आणि गेली... महिना उलटून गेला, तरी सकाळी ताटं मांडताना माझ्या हातून तिचं ताट मांडलं जातं.

काही वर्षांपूर्वी तिचा डावा खांदा धरला होता. चाकणच्या बाजारात ती कांदा निवडायला जायची. पाठीला पोक काढून, दोन्ही हात पुढे, अशी दिवसभर बसायची. आधी हात वर जाईना, मग वेणी घालता येईना. वेणी मी घालू लागले. एकदा म्हणाली, "मालती, दिसभर दुसऱ्याच्या हातची येणी घिऊन हिंडते मी. माझं डोकं मला माझं वाटत न्हाई." तिचं दुखणं खांद्यापेक्षा तिथे जास्त होतं.

भाऊजींनी तिला कारखान्याच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही सोबत होते. त्यांनी खांद्याऐवजी गळ्याच्या हाडाखाली, छातीवर बोट दाबलं, तशी अक्का कळवळली. त्यांनी समजावलं, की वाकून बसून छातीचे स्नायू आखडले आहेत, ते खांद्याला पुढे ओढतात. पाठीवरचं फावड्यासारखं हाड जागेवरून सरकलं आहे, म्हणून हात उचलला की आत घासतं. औषध काय, तर रोज सकाळी दारात उभं राहायचं, दोन्ही हात चौकटीला टेकवायचे आणि छाती पुढे झुकवायची.

आमच्या घरात उंबऱ्यात उभं राहणं म्हणजे लक्ष्मीला अडवणं. सासूबाई ऐन सकाळी गरजल्या, "दार अडवून उभी ऱ्हातीस व्हय? लक्ष्मी यायची कुठनं?"

"मागल्या दारानं यील, आत्याबाई. माझा हात वर गेला की मीच तिला ववाळीन."

सासूबाई बाहेर जायला निघाल्या की अक्काच्या हाताखालून वाकून जायच्या आणि जाताना एक टोमणा ठेवून जायच्या. पुढे आषाढात तो हात डोक्यावर गेला. अक्काने स्वतःची वेणी घातली, वाकडी, एका बाजूला सुटलेली. मी नीट करायला गेले, तर माझा हात झटकला. त्यानंतर दुखो न दुखो, तिने दार सोडलं नाही.

त्या मंगळवारी खांदा पहाटेपासून भरून आला होता. छातीतही ओढ होती. भाऊजी म्हणाले, "डॉक्टरांकडं जाऊ. मिळंल ती पहिली एस.टी. गाठू."

"तेच दुखणं हाय. येवढ्यासाठी पिंपरी कशाला? दार हाय की घरात."

आम्हालाही ते पटलं. दाराने तिला एकदा बरं केलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं... डॉक्टर नंतर म्हणाले, या वेळचं दुखणं हृदयाचं होतं.

पूर्वी सकाळी तिची सावली चुलीपर्यंत यायची. आता ऊन थेट आत येतं आणि आम्ही तिघंही एकदम वर बघतो. सासूबाई दारापाशी थांबतात. परवा वाकून, कोणाच्या तरी हाताखालून गेल्यासारख्या बाहेर गेल्या.

दोन दुखण्यांतला फरक आम्हाला ओळखता आला असता का, पहिल्या एस.टी.ने गेलो असतो तर ती वाचली असती का, एवढंच डॉक्टरांना विचारायचं आहे. सासूबाई रोज भाऊजींना विचारतात, "इचारलंस का?" ते म्हणतात, "गर्दी हुती." शेवटी शाळेत रजा टाकून मीच गेले. गर्दी नव्हती. डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली, काय हवं म्हणून विचारलं. मी सासूबाईंच्या खोकल्याचं औषध मागितलं.

बाटली संपत आली आहे. विचारायचं राहिलं आहे.