पंधरा मिनिटांचा हिमालय

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. दुसरं म्हणजे मला वेळ पाळण्याचा माज आहे. ऑफिसात मीटिंग दहाची म्हणजे दहाची. "येतोच मॅडम, इन्शाल्ला," असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. अल कुसैसमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं घड्याळ भारताची वेळ दाखवतं आणि माझ्या मनगटावरचं दुबईची. पण खरं म्हणजे त्या भिंतीकडे बघायचीसुद्धा गरज पडत नाही. बावीस वर्षं झाली इथे येऊन. मनगटावरच्या वेळेत दीड तास मिळवला की पुण्यात आई काय करत असेल ते मला कळतं. इथे अडीच, म्हणजे तिचा चारचा चहा. इथे साडेसात, म्हणजे ती जेवून, आवरून, माझ्या फोनची वाट बघत बसलेली.

गेल्या वर्षी आई गणपतीला आमच्याकडे आली, तेव्हा पोळी लाटताना तिची मान वाकडी दिसली. कोंबडी दाणा बघते ना, तशी ती पोळपाटाकडे एका बाजूने बघत होती. "मधोमध डाग दिसतो गं. कडेचं दिसतं," असं ती इतकं सहज म्हणाली, की मी तिच्यावर ओरडलेच. सांगायचं कोणी मग? इथल्या डॉक्टरांनी तपासलं, दोनदा तपासलं आणि म्हणाले की वय झालंय, पडद्याचा मधला भाग झिजतोय, इंजेक्शनांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. काय बघायचं असेल ते या वर्षात बघून घ्या.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "काय बघायचंय तुला? खरं सांग."

मला वाटलं, काशी म्हणेल. ती म्हणाली, "हिमालय."

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होती. भूगोलाच्या तासाला फळ्यावर खडूने एकाला एक चिकटलेले त्रिकोण काढायची, त्यांना टोकाशी पांढरं फासायची आणि म्हणायची, मुलांनो, हा हिमालय. आम्हा भावंडांनाही तोच शिकवला. "तीस वर्षं न बघितलेली गोष्ट शिकवली मी," ती म्हणाली. "पोरांना थाप मारल्यासारखं वाटतं. मला गौरीशंकर बघायचाय."

झालं. मी कामाला लागले. ऑक्टोबरात लेकीची मध्यसत्राची सुट्टी होती. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून आम्ही तिघीच निघालो, आई, मी आणि माझी चौदा वर्षांची लेक. नशिबाने आईचा व्हिसा पुन्हा आत येता येईल असा होता. चार दिवस काठमांडू आणि आसपास. शेवटच्या पहाटे नगरकोटच्या डोंगरावरून सूर्योदय आणि समोर हिमालयाची रांग, आणि दुपारच्या विमानाने परत. मी कागदावर तासातासाचा तक्ता केला. नेपाळ म्हणजे काय, आपलंच. दीड तास मिळवायचा.

उतरल्या उतरल्या लेक म्हणाली, "मम्मा, नेपाल इज फिफ्टीन मिनिट्स अहेड ऑफ इंडिया."

"पंधरा मिनिटांचं कुठे असतं का असं?" मी म्हणाले. "तुझ्या फोनला काहीतरी झालंय. रोमिंग बंद कर आधी." माझा स्वतःचा फोन बिलाच्या धास्तीने मी विमानातच बंद करून पर्सच्या तळाशी टाकला होता. लेकीने खांदे उडवले. "व्हॉटेव्हर," म्हणाली. आणि खलास, विषय संपला.

मग तीन दिवस अख्ख्या काठमांडूची घड्याळं पुढे होती आणि एकटं माझं बरोबर होतं! आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा, अबोल माणूस. नऊला ये म्हटलं की आम्ही नऊला खाली उतरेपर्यंत हा गाडी पुसून, दार उघडून उभा. मी आईला म्हणायची, "बघ, याला म्हणतात वेळेची किंमत." एका जुन्या राजवाड्यातल्या संग्रहालयाचा पहारेकरी दार लावायला लागला तेव्हा तर मी त्याला झापलंच, "पाच बजने में अभी पंद्रह मिनट हैं!" त्याने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. "आपकी घड़ी आगे है," मी सांगितलं. तो बिचारा हसला आणि त्याने आईला हाताला धरून पुन्हा आत नेलं. आता आठवलं की धरणीने पोटात घ्यावंसं वाटतं.

पण काय शहर आहे हो! दुबईत राहून आम्हाला सगळं चकचकीत, सरळ रेषेत आणि काचेचं बघायची सवय. इथे लाकूड. खिडकी म्हणजे नुसती खिडकी नाही, तिच्यात मोर, तिच्यात वेली, तिच्यात नाग, आणि ते सगळं शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी मान मोडून कोरलेलं. पाटणच्या चौकात आईने एका दाराच्या चौकटीला हात लावला आणि ती बोटांनी वाचत गेली. इथे पान, इथे मासा, ही कोणाची तरी वेणी. मी घाई करायला तोंड उघडलं आणि मिटलं. भक्तपूरला मातीच्या सुगडात लावलेलं दही खाल्लं. आई म्हणाली, "माझ्या विरजणाला हे आयुष्यात जमलं नाही," आणि दुसरं सुगड मागितलं. तिथेच एका चौकात कुंभारांनी उन्हात मडकी मांडली होती, त्यांच्यामधूनच म्हाताऱ्या बायका भात वाळवत होत्या, आणि पर्यटक येतात म्हणून कोणी काही आवरून ठेवलं नव्हतं. बौद्धांच्या त्या मोठ्या पांढऱ्या स्तूपाला आईने तीन प्रदक्षिणा घातल्या. वरून रंगवलेले दोन डोळे बघत होते. आई मान वाकडी करून म्हणाली, "याचे मात्र ठणठणीत आहेत."

सोशल मीडियावर टाकायला शंभर फोटो काढणारी माझी लेकसुद्धा म्हणाली, "आजी, धिस प्लेस इज अनरीअल." मला तर तिथून हलूच नये असं वाटत होतं. पण आई रोज रात्री विचारायची, "उद्या दिसेल ना गं तो?"

तिसऱ्या संध्याकाळी नगरकोटला पोचलो. सगळीकडे ढग. हॉटेलवाला म्हणाला, संध्याकाळी असंच असतं, पहाटे स्वच्छ दिसतं, पण सूर्य वर आला की दरीतलं धुकं उठतं आणि सगळं झाकून टाकतं. मनोऱ्यावर गेलात तर गौरीशंकरसुद्धा दिसेल. ड्रायव्हर आईला आमा म्हणायचा. त्याने बजावलं, "दीदी, साढ़े पाँच, पक्का. आमा धीरे चढ़ेंगी."

"मला सांगतो!" मी म्हणाले.

पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठले. आईला स्वेटर, त्यावर शाल, कानटोपी. तिने इस्त्रीची साडी नेसली होती, शाळा तपासायला साहेब येणार असले की नेसायची तशी. मनगटावर बरोब्बर चार वाजले, म्हणजे साडेपाच, तेव्हा आम्ही दारात होतो. ड्रायव्हर रस्त्यावर येरझाऱ्या घालत होता. आज पहिल्यांदाच तो स्वतःहून बोलला, "देर हो गया, दीदी."

"देर कैसे? यल्ला, चलो," मी म्हणाले.

त्याने गाडी पळवली. मनोऱ्याखालची चढण आई दोन्ही हातांनी कठडा धरून चढली. दर पाच पायऱ्यांना थांबायची. पूर्व लाल झाली, मग पिवळी. वरून लोकांचा एकदम "ओहो" असा आवाज आला. आई म्हणाली, "आलंच ना?" मी म्हटलं, "आलंच." आम्ही वर पोचलो तेव्हा लोक खाली उतरत होते. समोर पांढरी भिंत होती. डोंगर नाही, दरी नाही, काही नाही. एक बाई हळहळून म्हणाली, "अरे, अभी तो था! दस मिनट पहले तक पूरा खुला था."

आई कठड्याशी उभी राहिली. तिला आधी वाटलं, आपल्याच डोळ्यातला डाग आहे. तिने मान या बाजूला वाकडी केली, त्या बाजूला केली. मग हळूच मला विचारलं, "तुला दिसतोय का गं?"

मी नाही म्हणाले. लेकीने फोन माझ्यापुढे धरला. मग तो माझ्या मनगटाशेजारी नेला. फोनवर सव्वासहा. माझ्या हिशोबाने सहा. तिच्या चेहऱ्यावर "मी सांगितलं होतं" असं काही नव्हतं. ती रडकुंडीला आली होती, आणि तेच मला जास्त लागलं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! तीन दिवस ताटकळलेला ड्रायव्हर आठवला, तो पहारेकरी आठवला. मी तिथेच खाली बसले आणि आईला सगळं सांगितलं. माझ्यामुळे गेला तुझा हिमालय, म्हणाले. पंधरा मिनिटांनी घालवला मी. आम्ही आठ वाजेपर्यंत थांबलो. भिंत हलली नाही.

आई चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसली होती. म्हणाली, "त्यात काय एवढं. नाही बघितला म्हणून तीस वर्षं काही अडलं होतं का?" पण खाली उतरताना तिने माझा हात धरला नाही, कठडाच धरला. ते मला अजून आठवतं.

दुपारी विमानात लेकीची जागा मागच्या रांगेत गेली. आईची जागा उजव्या बाजूला, तिघांच्या रांगेत मधली, मी कडेला. खिडकीशी चाळिशीचा एक माणूस, कपाळावर दही-तांदळाचा लाल टिळा, कानामागे पिवळे कोंब. तिकडचा दसरा नुकताच झाला होता. विमान वर चढलं, ढगांच्या बाहेर आलं आणि त्या माणसाच्या खांद्यापलीकडे मला काहीतरी पांढरं चमकताना दिसलं.

मी आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "भाईसाब, ज़रा सीट बदलिए, माँजी को देखना है."

त्याने मागे वळूनही बघितलं नाही. "यह सीट मैंने काउंटर पर माँगकर ली है," तो म्हणाला. "दो साल बाद फिर देखूँगा."

दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनला ॲल्युमिनियमची दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात तो होता, हे मागून कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की हा आपलं घर बघतोय, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला भांडता आलं नाही. आईला हिंदी फारसं येत नाही, पण तिला कळलं असावं. तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. आणि मग बसल्या जागेवरून तिने मान वाकडी केली, त्याच्या खांद्यावरून कडेकडेने काही दिसतं का बघायला.

ते त्याने काचेत पाहिलं असेल. तो वळला. "आमा की आँख?"

मी हो म्हणाले. सकाळचं सांगितलं. घड्याळाचं पण सांगितलं.

त्याने पट्टा सोडला आणि उठून उभा राहिला. आईला हाताला धरून खिडकीशी बसवलं आणि स्वतः मधे बसला. त्याला आता फक्त आईची कानटोपी दिसत असणार. तरी तो तिच्या कानाशी वाकून सांगत होता, कोणता डोंगर कुठे येणार ते. लहानपणापासून खालून बघितलेले ते डोंगर.

"आमा, यह गणेश हिमाल. सूँड़ देखो, सूँड़."

आईने नाक काचेला लावलं. मान वाकडी केली. मग तिचा हात मागे आला, हवेत चाचपडला आणि त्या माणसाच्या मनगटावर बसला. "दिसली," ती म्हणाली. "अगं, सोंड दिसली! आईबाप नाही भेटले, लेक भेटला!" मग मराठीतच त्याला सांगायला लागली, "मी सगळे त्रिकोण सारखे काढायचे हो. सारखे नाहीयेत. एकही सारखा नाहीये." त्याला त्यातलं काय कळलं कोण जाणे, तो नुसता "हो आमा, हो आमा" करत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. मनास्लू, अन्नपूर्णा, धवलगिरी, सगळे येऊन गेले. त्याने एकदाही तिला जरा सरका म्हटलं नाही.

दुबईला उतरल्यावर तो बॅगांच्या गर्दीत दिसेनासा झाला. नावही विचारायचं राहिलं.

आई डिसेंबरात पुण्याला भावाकडे परत गेली. आता तिला आकडे वाचता येत नाहीत. भावाने तिला बोलणारं घड्याळ आणून दिलंय, बटण दाबलं की वेळ सांगतं. परवा फोनवर बोलता बोलता तिने ते दाबलं आणि मला ऐकू आलं, "सात वाजून चाळीस मिनिटे."

मी सवयीने मनगटाकडे बघितलं. माझ्याकडेही सात चाळीस.

"आई, तुझं घड्याळ दीड तास मागे आहे गं," मी म्हणाले. "दादाला सांग लावून द्यायला."

"मागे नाहीये," आई म्हणाली. "मीच तुझ्या वेळेवर लावून घेतलंय. बावीस वर्षं तू दीड तास मिळवलास. आता तो मी मिळवते."